शेतात असताना विजा कडाडायला लागल्या तर नेमकं थांबायचं कुठं?

आखाड्यावरचा

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मी नोकरीला पुण्यात आणि आई-बाबा गावाकडं. शेत गावापासून दोनेक किलोमीटरवर, तिथं आखाडा आहे, म्हणजे बल्ल्यांवर टाकलेले पत्रे, दोन बाजूंनी कूड, बाकी मोकळं, आणि शेजारी जुनं लिंबाचं झाड, त्याच्याच सावलीला म्हशी आणि बैल बांधलेले असतात. मे-जूनला वळवाच्या पावसात आणि नंतर सोयाबीन काढणीला परतीच्या पावसात, या दोन वेळेला माझा जीव टांगणीला लागलेला असतो. कारण आभाळ भरून आलं की आमच्याकडं लोक घराकडं पळत नाहीत, उलटे शेताकडं पळतात, गंजीवर ताडपत्री टाकायला. बाबा तर हमखास. आणि काढणीला आलेल्या बायका सर पडून जाईपर्यंत लिंबाखाली उभ्या, डोक्यावर खताची रिकामी गोणी. मागच्या हंगामात शेजारच्या शिवारात बांधावरच्या बाभळीवर वीज पडली, खाली बांधलेल्या शेळ्या जागेवर गेल्या, माणसं थोडक्यात वाचली.

फोनवर बाबांना काही सांगावं तर उत्तर ठरलेलं, "आपल्या पायात रबरी बूट हायेत, काय होत नाय." आजीचं वेगळंच, वीज चमकली की ती विळा नाहीतर पहार अंगणात फेकते आणि धाकटा भाऊ पायाळू आहे म्हणून त्याला ढग दिसला की उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाही. चुलते म्हणतात मोबाईल बंद करा, मोबाईल वीज ओढतो. व्हॉट्सअॅपवर तर रोज नवीन काहीतरी. मला एवढंच विचारायचंय की झाडाखाली नाही तर मग शेडमध्ये का? का उघड्यावर? विहिरीजवळ मोटारीच्या स्टार्टरची छोटी खोली आहे, तिचं काय? आणि ही वीज मुळात कुठं पडायचं हे ठरवते कशी, ते कोणी नीट सांगितलं तर मला पण बाबांना सांगता येईल, नुसतं "जाऊ नका" म्हटलं की ते ऐकत नाहीत.

वळीव_वेडी

झाडाखाली नाही म्हणजे नाही. बाकीचं जाणकार सांगतील, पण एवढं आजच्या आज फोन करून सांगा.

निवृत्त_मास्तर

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळं जरा मुळापासून सांगतो, कंटाळा आला तर शेवटचा भाग वाचा.

दुपारी जमीन तापते, खालची दमट हवा जोरात वर चढते, आणि ज्या ढगातून वीज पडते तो ढग आपल्याकडं १२ ते १५ किलोमीटरपर्यंत उंच जातो. म्हणजे खाली आपण घामानं भिजलेलो असतो आणि त्याच ढगाच्या वरच्या निम्म्या भागात बर्फ असतो. उणे १० ते उणे २० अंशाच्या पट्ट्यात बारीक हिमकण आणि मऊसर, जड गारा एकमेकांवर आदळतात. या आदळाआदळीत विद्युतभाराची अदलाबदल होते, साधारणपणे हिमकण धन होतात आणि गारा ऋण. मग पुढं जे होतं ते खळ्यावरच्या उफणणीसारखं, हलकं ते वाऱ्यानं वर जातं, जड ते खाली राहतं. ढगाचा माथा धन, पोट ऋण. आणि त्या ऋण पोटाखालून जी जमीन जाते, तिच्या पृष्ठभागावर धन भार गोळा होतो. जमीन म्हणजे त्यात झाड आलं, खांब आला, बैल आला, तुम्ही-आम्ही पण आलो.

हवा एरवी वीज वाहू देत नाही, पण हा ताण कोट्यवधी व्होल्टवर गेला की तिचं काही चालत नाही. आधी ढगातून एक अंधुक फांदी खाली यायला लागते, ती सलग येत नाही, साधारण पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे टाकत, क्षणाचाही बारीक तुकडा थबकत, वाटेत फाटे फोडत येते. गंमत अशी की ती वर असताना तिला खाली काय आहे याचा पत्ताच नसतो. जमिनीपासून शेवटच्या शे-दीडशे मीटरवर आली की मग खालून प्रतिसाद मिळतो, उंच आणि टोकदार गोष्टींच्या शेंड्यातून ठिणगीसारखा भार वर उसळतो. ज्याचा धागा आधी जाऊन भिडला, त्याच्यावर वीज पडली. रस्ता जुळला की खरा प्रवाह धावतो, साधारण ३०,००० अँपियर. तुमच्या घरातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारं बटण, ३२ अँपियरला पडतो, यावरून अंदाज घ्या. ती वाट असते बोटा-दोन बोटांएवढी जाड, पण तिथली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आहे. एवढी तापलेली हवा फुटल्यागत पसरते, तोच गडगडाट. आणि वीज लुकलुकल्यासारखी दिसते ना, ती नजरेची गडबड नाही, त्याच वाटेनं एकामागून एक तीन-चार वेळा प्रवाह जातो.

आता तुमच्या घरच्यांचे मुद्दे. वीज लोखंड शोधत येत नाही, ती उंची शोधते. सपाट जमिनीवर पडलेल्या विळ्यानं तिला काही फरक पडत नाही, फक्त आजींनी तो फेकायला अंगणात जायला नको. मोबाईल वीज ओढत नाही, खिशात खुशाल असू द्या, संकटात तोच कामाला येणार आहे. पण घरात चार्जिंगला लावून कानाला धरायचा नाही, तिथं धोका वायरीचा आहे. रबरी बूट, जी वीज दोन-तीन किलोमीटर हवा फोडून आली तिला बोटभर रबराचं काय कौतुक. आणि पायाळूचं म्हणाल तर जन्माला येताना पाय आधी आले का डोकं, याचा विजेशी सुतराम संबंध नाही. मात्र आजीला इतक्यात समजावायच्या भानगडीत पडू नका, या गैरसमजामुळं घरातला एकजण तरी वेळेवर आत बसतोय, उलट "आजी, आपण सगळेच पायाळू" असं म्हणून बघा 😀

अंतर ओळखायचं असेल तर चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. आणि ढगाच्या वरच्या भागातून निघालेली वीज दहा-पंधरा किलोमीटर लांब, जिथं डोक्यावर निळं आभाळ आहे तिथंही पडू शकते. त्यामुळं माझं मत विचाराल तर मोजत बसूच नका. गडगडाट ऐकू आला की तुम्ही टप्प्यात आलात. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मग बाहेर.

शंकासुर

एक बाळबोध शंका, एवढी वीज असते तर साठवून वापरत का नाहीत?

निवृत्त_मास्तर

एका विजेत एकूण ऊर्जा साधारण २८० युनिटच्या घरात धरतात, म्हणजे एखाद्या घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल. त्यातली बरीचशी उष्णता, उजेड आणि आवाजात जाते, आणि कुठं-कधी पडणार ते माहीत नाही. तुमच्या गच्चीवरचं सोलर बरं.

रानवाटा_२२

सगळं ठीक आहे मास्तर पण हे ऐकून शेती करायची कधी? ऑक्टोबरात आमच्याकडं आठ-आठ दिवस रोज दुपारी गडगडतं. गडगडाट ऐकला की घरी, अर्धा तास थांबा, परत गडगडाट, परत घरी. आणि गंजी भिजली तर दाण्याला कोंब, मग व्यापारी विचारत नाही. चार एकरचं सोयाबीन डोळ्यादेखत भिजताना माणूस आत बसून राहील का? पुण्यात बसून सल्ला देणं सोपं आहे. (मूळ प्रश्नकर्त्याला उद्देशून नाही.)

वायरमन_भाऊ

रानवाटा दादांचं बरोबर आहे आणि खरा मुद्दा तोच आहे. मी इलेक्ट्रिकची कामं करतो, खेड्यापाड्यात फिरतो. लोकांना झाडाखाली उभं राहू नये हे माहीत नाही असं नाही, शाळेतलं पोरगं पण सांगेल. पण वीज पडते तेव्हा माणूस काय करत असतो ते बघा, गंजी झाकत असतो, जनावरं सोडत असतो, मोटार बंद करायला पेटीकडं निघालेला असतो. देशात दरवर्षी वीज पडून अडीच हजारांच्या वर माणसं जातात, २०२२ चा सरकारी आकडा २,८८७ आहे, आणि त्यात शेतात, रानात काम करणारेच जास्त. म्हणून म्हणतो ताडपत्री ढग आल्यावर न्यायची वस्तू नाही. काढणीच्या दिवसांत गंजी लावली की त्याच वेळी झाकायची, कडेनं दगड नाहीतर मातीच्या गोण्या ठेवायच्या, दुपारी ऊन असेल तर काढा, पण जेवण झालं की परत टाकून ठेवा. आपल्याकडं वीज बहुतेक करून दुपारी तीन ते रात्रीपर्यंतच जास्त असते, सकाळचा वेळ कामाचा. आणि एवढं करून राहिलीच उघडी तर राहू द्या, भिजली तर भिजली.

आता जागांचं.

पत्र्याचं शेड. पत्रा वीज ओढतो असं काही नसतं. अडचण अशी की पडलीच तर तिला पत्र्यावरून जमिनीत जायला नीट वाट पाहिजे, आणि लाकडी बल्ल्यांवरचं शेड असेल तर ती वाट नसते. मग ती मधल्या माणसावर उडी मारते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसातून जायला तिला सोपं. तुमचं शेड बाजूनं मोकळं आहे, त्याला निवारा समजू नका, ते फक्त पावसाचं आहे.

स्टार्टरची खोली विटांची आणि वर स्लॅब असेल तर झाडापेक्षा कितीतरी बरी, पण ते घर नव्हे. तिथं लाईनची वायर आत आलेली असते, डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूनं वीज घुसली तर स्टार्टर अक्षरशः फुटतो, मी काळी पडलेली पेटी आणि भिंतीवर उडालेलं तांबं बघितलंय. त्यामुळं आत गेलात तर पेटी, पाइप, मोटारीची वायर यांच्यापासून लांब, खोलीच्या मध्ये उभं राहा, दार लावून घ्या. मोटार चालू असेल तर चालू राहू द्या, जळली तर जळली, रिवाइंडिंग करून मिळेल.

तारेचं कुंपण. हे कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. वीज पडली अर्धा किलोमीटरवर आणि तुम्ही तुमच्या बांधाच्या तारेला हात लावून उभे, तरी झटका बसू शकतो, कारण तार तो प्रवाह घेऊन येते. झटका मशीनचं कुंपण, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, ठिबकच्या लोखंडी पाइपा, सगळ्याला हेच.

घरात आल्यावर पण नळाखाली भांडी घासत बसू नका, अंघोळ नको, टीव्ही-फ्रिजचे प्लग ढग लांब असतानाच काढायचे, वीज डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायचा नाही.

आखाड्यावरचा

भाऊ हे खूप कामाचं सांगितलंत. आमच्या ग्रामपंचायतीत एक एजन्सीवाला येऊन गेला, वीज पकडायचं यंत्र बसवा म्हणे, एका यंत्रात शंभर-सव्वाशे मीटरचा परिसर सुरक्षित. सरपंच विचारत होते घ्यावं का. काय म्हणता?

वायरमन_भाऊ

साधा वीजरोधक म्हणजे काय, इमारतीच्या सगळ्यात उंच जागेवर धातूची दांडी, तिच्यातून खाली सलग तांब्याची नाहीतर जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी आणि जमिनीत चांगलं अर्थिंग. बेंजामिन फ्रँकलिनपासून, म्हणजे १७५० च्या दशकापासून हेच चाललंय. तो वीज थांबवत नाही, पडलेली वीज इमारतीला धक्का न लावता जमिनीत नेतो. त्याचा घेर ढोबळमानानं दांडीची उंची जेवढी तेवढाच धरा, दहा मीटर उंच असेल तर भोवती दहाएक मीटर. शंभर मीटरवाली जी टोपीसारखी यंत्रं विकतात, त्यांचा तो वाढीव घेर आयईसी ६२३०५ हे जे वीजरोधकांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आपल्याकडं भारतीय मानक म्हणूनही तेच घेतलंय, त्यात धरत नाहीत. म्हणजे यंत्र बिनकामाचं असं नाही, साध्या दांडीएवढं काम करेलच, पण त्या घेराच्या भरवशावर कोणी मोकळ्या रानात थांबलं तर घात होईल. पंचायतीला एकच सांगा, पैसा यंत्रापेक्षा अर्थिंगवर घाला आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ते तपासायला लावा. मी कितीतरी ठिकाणी दांडी वर डौलात उभी आणि खालची पट्टी भंगारात गेलेली बघितलीय. हे असं असेल तर दांडी नसलेलीच बरी. शाळेवर, पाण्याच्या टाकीवर बसवा, शाळेच्या मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वायरीतून येणारा झटका अडवणारं उपकरण, पण टाका, नाहीतर इमारत वाचते आणि आतले कॉम्प्युटर जातात.

सह्यभटक्या

शेतीतलं कळत नाही पण डोंगरावर हाच प्रश्न आम्हाला पडतो. मे महिन्याच्या शेवटी गडावर दुपारी अडकलं की बुरूज, ध्वजस्तंभ, एकटं झाड, रेलिंग, सगळीच नको ती ठिकाणं. ११ जुलै २०२१ ला जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरजावर वीज पडून ११ जण गेले होते, पावसात वर जाऊन सेल्फी काढत होते लोक. आम्ही नवीन पोरांना शिकवतो की काहीच आडोसा नसेल तर दोन्ही पाय जुळवून चवड्यांवर उकिडवं बसायचं, डोकं खाली, कानावर हात, आडवं अजिबात पडायचं नाही, आणि घोळक्यात नाही, एकमेकांपासून सुटं सुटं बसायचं. दादा, बाबांना हे शिकवून ठेवा.

निवृत्त_मास्तर

भटक्या, बरोबर आहे पण एक पुस्ती जोडतो. उकिडवं बसणं हा शेवटचा, अगदी नाइलाजाचा उपाय आहे. आपल्याकडच्या सरकारी पत्रकांत तो असतो, पण अमेरिकेच्या हवामान खात्यानं तर हा सल्ला देणंच बंद केलंय, कारण त्यानं फार काही वाचत नाही आणि लोक मात्र तेवढ्यावर विसंबून उघड्यावर थांबतात. शंभर-दोनशे मीटरवर पक्कं घर असेल तर बसू नका, चालत सुटा.

पाय का जुळवायचे ते मात्र समजून घ्या, जनावरं का मरतात तेही त्यातच आहे. वीज जमिनीत शिरली की पडल्या जागेपासून चहूकडं पसरते आणि जसजसं लांब जाऊ तसा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होत जातो. म्हणजे तुमचा एक पाय जास्त दाबावर आणि दुसरा कमी दाबावर असतो, त्या फरकामुळं प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. पाय जुळलेले असले की फरक थोडा. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय चांगले दीड मीटर लांब, आणि मधल्या वाटेत तिचं काळीज. म्हणून झाडाखाली एक वीज पडली की खालची पाच-सहा जनावरं एकदम आडवी होतात, प्रत्येकावर वेगळी वीज पडलेली नसते. नॉर्वेत ऑगस्ट २०१६ मध्ये एका पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वेळी मेले होते, ते याच कारणानं. तेव्हा बैल-म्हशींचा दावणीचा खुंटा लिंबाखालून हलवा. उन्हाळ्यात सावली लागते मान्य, पण मे संपता संपता तरी.

रानवाटा_२२

मास्तर, एकाच जागी दुसऱ्यांदा वीज पडत नाही म्हणतात. आमच्या बांधावरच्या शिंदीवर एकदा पडून गेलीय, शेंडा जळका आहे. ते झाड तरी सेफ म्हणायचं का?

निवृत्त_मास्तर

नाही हो. उंच आहे म्हणूनच पडली ना, ती उंची अजून तिथंच आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर दरवर्षी वीसेक वेळा पडते. रॉय सलिव्हन नावाचा अमेरिकेतला एक वनरक्षक तर १९४२ ते १९७७ मध्ये सात वेळा विजेच्या तडाख्यातून वाचला, जागाच काय माणूसही तोच!

सिस्टर_ताई

ग्रामीण रुग्णालयात काम करते. वीज लागलेला माणूस आणतात तेव्हा बऱ्याचदा अर्धा तास वाया गेलेला असतो, कारण लोक त्याला हात लावायला घाबरतात. त्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. लाईटच्या तारेला चिकटलेल्या माणसाचं वेगळं, तिथं आधी मेन बंद करायचा असतो, लोक या दोन्हीत गल्लत करतात.

वीज लागलेला प्रत्येकजण मरत नाही, बहुतेक वाचतात. जातात ते मुख्यतः काळीज बंद पडून किंवा श्वास थांबून, आणि यातलं काळीज कधी कधी आपोआप परत सुरू होतं पण श्वास सुरू होत नाही, म्हणून पहिली काही मिनिटं सोन्याची. हाक मारा, खांदे हलवा, श्वास दिसत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायला सुरू करा, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याला द्या. तोंडानं श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर दोन. एकदम चार-पाच जणांना लागली असेल तर एरवीपेक्षा उलटं करायचं, जो कण्हतोय, ओरडतोय तो बहुधा तगतो, जो मेल्यासारखा पडलाय त्याच्याकडं आधी पळा. आणि आधी सगळ्यांना झाडापासून हलवा, वीज परत पडू शकते.

काही भागात वीज लागलेल्याला शेणात नाहीतर चिखलात गळ्यापर्यंत पुरतात, करंट उतरतो म्हणून. कृपा करून हे करू नका, छाती दाबायला मिळत नाही आणि माणूस हातचा जातो. जो बरा दिसतोय त्यालाही दवाखान्यात आणाच, कानाचे पडदे फाटलेले असतात, काहींना नंतर विसरभोळेपणा, हातापायाला मुंग्या, झोप न लागणं असं महिनोन् महिने राहतं.

सातबारावाला

नको ती वेळ, पण माहिती असावी म्हणून. वीज पडून मृत्यू झाला तर शासनाकडून वारसांना ४ लाखांची मदत आहे. त्यासाठी पोस्टमॉर्टेम आणि तलाठ्याचा पंचनामा लागतोच, बरेच लोक दुःखात पोस्टमॉर्टेम न करता अंत्यविधी उरकतात आणि मग फाईल अडकते. जनावराचं पण तसंच, पुरायच्या आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा, फोटो काढून ठेवा. २०२२-२६ च्या निकषात दुधाच्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० आहेत. बाजारभावापुढं म्हैस कुठं आणि हे कुठं, ते सोडा.

वळीव_वेडी

दामिनी अॅपचं कोणी बोललंच नाही. पाषाणच्या आयआयटीएमवाल्यांनी केलंय, म्हणजे आपली हवामानशास्त्राची संस्था, फुकट आहे. तुम्ही जिथं उभे आहात तिथून २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ दाखवतं, विजा कुठं पडतायत ते जवळजवळ लगेच दिसतं आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाचा इशारा येतो. लोकेशन आणि नेट चालू लागतं, ही गोम आहे, शेतात नेट नसलं की कामाचं नाही. पण तुम्ही पुण्यात बसून गावाचं ठिकाण टाकून बघू शकता आणि बाबांना साधा फोन करू शकता, त्याला नेट लागत नाही. मी नांदेडला असलेल्या मावशीसाठी हेच करते. सुरुवातीला वैतागायची, आता तीच दुपारी फोन करून विचारते, "काय गं, आज काय म्हणतंय तुझं?"

आखाड्यावरचा

सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना वायरमन भाऊंचं आणि मास्तरांचं वाचून दाखवलं. बुटावर अजून ते ठाम आहेत 😐 पण म्हशीच्या काळजाचं ऐकल्यावर गप्प झाले आणि सकाळी दावण हलवायला घेतली म्हणे. स्वतःसाठी नाही, म्हशींसाठी ऐकलं. असो. शेवटचं एक, चुलत्यांचा पिकअप काढणीच्या दिवसांत शेतातच उभा असतो, त्याला टपासकट लोखंडी केबिन आहे. वीज आली की त्यात बसलं तर चालेल का? ट्रॅक्टरला केबिन नाहीये.

वायरमन_भाऊ

चालेल की, चांगलंच आहे. बंद लोखंडी केबिनवर वीज पडली तर ती बाहेरच्या पत्र्यावरून खाली जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो. टायरच्या रबरानं नाही वाचत, पत्र्यानं वाचतो, म्हणून मोटरसायकल आणि उघडा ट्रॅक्टर यात येत नाहीत. काचा वर, इंजिन बंद, हात मांडीवर, दाराच्या कडीला-स्टिअरिंगला-रेडिओला हात नाही, आणि गाडी झाडाखाली लावायची नाही. पण केबिनमध्ये मावतात तिघं आणि काढणीच्या बायका असतात दहा-बारा. त्यांना मागं हौद्यात ताडपत्रीखाली बसवलं तर ते उघड्यावर बसवल्यासारखंच. त्यामुळं गाडीचा उपयोग आत बसायला कमी आणि वेळेत निघायला जास्त करा. लांबवर पहिला गडगडाट झाला की सगळ्यांना घेऊन गावात शाळेकडं, दोन किलोमीटरला वेळ तो किती लागतो. आणि चावी बाबांच्या खिशात असू द्या, चुलते ती घेऊन तालुक्याला गेले तर सगळं मुसळ केरात.